हरवलेल्यांना वचनाचं अन्न कसं द्यावं: मंडळीसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये क्रम ठरून गेलेला आहे. सभा भरवायची, जोरदार संदेश द्यायचा, विश्वास ठेवू इच्छिणाऱ्यांना हात वर करायला लावायचे, नावं लिहून घ्यायची. महिन्याभराने ती यादी कपाटात पडलेली असते आणि यादीतलं एकही माणूस उपासनेला दिसत नाही. मग 'लोकांची मनं कठीण झालीत' असं म्हणून विषय संपतो. मनं कठीण असतीलही. पण समोरच्याला भूक कशाची आहे हे विचारायच्या आधीच ताट वाढलं, तर ते तसंच राहणार.

चूक बहुतेक वेळा तळमळीत नसते, क्रमात असते. आधी ऐकायचं, मग थोडंसं वचन, म्हणजे बायबलमधलं देवाचं बोलणं, द्यायचं, मग पुन्हा जायचं आणि घाई न करता निर्णय समोरच्यावर सोडायचा. पाळक, वडीलजन आणि ही सेवा अंगावर घेणारे साधे विश्वासणारे या सगळ्यांना धरून पुढचे टप्पे लिहिले आहेत. एखादा टप्पा गाळून पुढे गेलात तर बहुधा परत मागे यावं लागेल.

सुरू करण्याआधी: हरवलेले म्हणजे नेमके कोण?

लूक 15 (बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय) मध्ये हरवण्याचे प्रकार एकसारखे नाहीत. शंभरातलं एक मेंढरू कळपापासून भटकलं. दहा नाण्यांतलं एक घरातच हरवलं; बाईला दिवा लावून, घर झाडून ते शोधावं लागलं. धाकटा मुलगा आपणहून दूर देशी गेला. आणि थोरला? तो शेतात राबत होता, घर सोडून कुठे गेलाच नव्हता, तरी बापाला त्याची समजूत घालायला बाहेर यावं लागलं.

मंडळीच्या कामासाठी यातून तीन गट पडतात. पहिला, ज्यांनी शुभवर्तमान, म्हणजे येशूविषयीची आनंदाची बातमी, कधी नीट ऐकलेलंच नाही. दुसरा, जे येत होते आणि यायचे थांबले. तिसरा, जे दर रविवारी बाकावर बसलेले असतात आणि उपाशी असतात. बहुतेक योजना फक्त पहिल्या गटासाठी आखल्या जातात. माझं मत विचाराल तर सुरुवात तिसऱ्यापासून करावी, कारण दिवा घरात लावायला वेगळी परवानगी लागत नाही.

टप्पा 1: आधी वाढणाऱ्यांची तयारी

यहेज्केल 34 पाळक आणि वडीलजनांनी एकत्र बसून मोठ्याने वाचावं. तिथे परमेश्वर मेंढरांवर रागावलेला नाही, मेंढपाळांवर रागावला आहे. चौथ्या वचनात, काय केलं नाही याचे पाच आरोप आहेत: दुबळ्यांना बळ दिलं नाही, रोग्यांना बरं केलं नाही, जखमा बांधल्या नाहीत, भटकलेल्यांना परत आणलं नाही, हरवलेल्यांना शोधलं नाही. हे पाच कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे गेल्या वर्षात मंडळीने नेमकं काय केलं ते लिहा. जिथे लिहायला काही नाही तिथे रेघ मारा. सारवासारव करायची नाही.

मग माणसं निवडा. बोलण्यात पटाईत असलेला माणूस इथे लागतोच असं नाही. उलट, गप्प बसता न येणारा माणूस या कामात अडचणच ठरतो. निवडताना एवढं बघा:

- तो स्वतः रोज वचन वाचतो का, की फक्त दुसऱ्यांना सांगण्यासाठी वाचतो?
- ऐकलेली खाजगी गोष्ट तो पोटात ठेवू शकतो का?
- 'मला ठाऊक नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून निघतं का?

येशूने लूक 10 मध्ये शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं. तोच नियम ठेवा. एकटं कोणी जायचं नाही. स्त्रियांना भेटायला जाणाऱ्या जोडीत किमान एक स्त्री असलीच पाहिजे. अठरा वर्षांखालच्या कोणाशीही पालकांना कळवल्याशिवाय आणि त्यांच्या संमतीशिवाय बैठक नको, बंद दाराआड तर कधीच नको.

सावधान: 'आपल्याच मंडळीतला आहे, त्याची काय चौकशी करायची' असं म्हणून हे नियम सैल करू नका. ज्यांचा विश्वास आधीच एकदा कोणीतरी मोडला आहे अशा माणसांकडे तुम्ही जाणार आहात.

टप्पा 2: नावांची वही

एक साधी वही पुरते. त्यात फक्त अशाच माणसांची नावं लिहा ज्यांना तुमच्यापैकी कोणीतरी खरंच ओळखतं. एखाद्या वस्तीतली सरसकट सगळी घरं लिहिणं म्हणजे शिरगणती, सेवा नव्हे.

नाव लिहितानाच निम्मं नुकसान होतं. 'दारू पितो, मंडळी सोडली, मन कठीण' अशी नोंद केली की पुढे भेटायला जाणारा माणूस तोच चष्मा लावून जातो. त्याऐवजी असं लिहा: 'आईच्या मृत्यूनंतर यायचा थांबला. अंत्यविधीनंतर मंडळीतून कोणी घरी गेलं नाही. संध्याकाळी सातनंतर घरी असतो.' काय घडलं, कधीपासून, आणि कधी भेटता येईल एवढंच. निकाल द्यायचा नाही. आणि ही वही त्या माणसाच्या हाती पडली तर वाचून त्याला वाईट वाटेल, असा एकही शब्द त्यात नको.

एका जोडीला तीन-चार नावांपेक्षा जास्त देऊ नका. जास्त दिली की भेटी उरकल्या जातात.

टप्पा 3: पहिली भेट, फक्त ऐकण्यासाठी

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू या.

लूक 24 मध्ये अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य निराश होऊन यरुशलेमकडे पाठ फिरवून चालले होते. येशू त्यांच्या बरोबरीने चालू लागला आणि त्याने पहिल्यांदा काय केलं? विचारलं, तुमचं आपसात काय बोलणं चाललं आहे? त्यांनी उलट विचारल्यावर तो म्हणाला, कोणत्या गोष्टी? त्या घटना त्याच्याइतक्या कोणाला माहीत असणार! तरी त्याने त्यांना सगळं सांगू दिलं, त्यांची मोडलेली आशासुद्धा. शास्त्र उलगडायला सुरुवात त्यानंतर झाली.

तेव्हा पहिल्या भेटीत हा क्रम ठेवा:

1. आधी निरोप देऊन किंवा फोन करून वेळ विचारा. अचानक दारात उभं राहू नका.
2. कशासाठी आलात ते पहिल्या दोन मिनिटांत सांगा. 'सहज इकडून चाललो होतो' हे खोटं असेल तर बोलू नका. 'मंडळीतून आलो आहोत, तुमची विचारपूस करायची होती' एवढं पुरे.
3. एक मोकळा प्रश्न विचारा आणि गप्प बसा.
4. मध्येच तोडू नका, दुरुस्ती करू नका. पाळकांबद्दल वाईट बोलले तरी बचाव करू नका.
5. अर्धा-पाऊण तास झाला की निघा.

संवाद साधारण असा होईल:

'ताई, बरेच दिवसांत भेट नाही. कसं चाललंय?'

'चाललंय. तुम्ही आता आलात होय? दोन वर्षं झाली.'

'हो, उशीर झाला. आम्ही यायला हवं होतं.'

इथे थांबायचं. 'पण देव तर कधी तुम्हाला सोडून गेला नव्हता' हे वाक्य जिभेवर येतं, ते गिळायचं. ताई पुढे जे बोलतील त्यातूनच कळणार आहे की त्यांना सांत्वन हवं आहे, क्षमेची खात्री हवी आहे, कोणीतरी माफी मागायला हवी आहे, की त्यांच्या मनात खरोखर श्रद्धेचाच प्रश्न उभा आहे. या चार भुका वेगवेगळ्या आहेत, आणि चारही भुकांना एकच वचन वाढणं हीच ती नेहमीची चूक.

प्रार्थना? जाताना विचारा: 'तुमच्यासाठी इथे प्रार्थना केलेली चालेल का?' हो म्हणाले तर चार वाक्यांत, त्यांनी सांगितलेल्या गोष्टींपुरती करा. प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नका. डोळे मिटलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, याचा तो गैरफायदा आहे. नाही म्हणाले तर 'बरं' म्हणा आणि घरी जाऊन करा.

तपासा: बाहेर आल्यावर जोडीतल्या दोघांनी एकमेकांना विचारावं, जास्त कोण बोललं, आपण की ते? आपण असू, तर पहिली भेट अजून झालेली नाही असं समजून पुन्हा जा.

टप्पा 4: पोटाची आणि शरीराची गरज

संदेष्टा एलीया रतामाच्या झाडाखाली मरण मागत पडला होता (1 राजे 19). दूताने त्याला उठवून खायला दिलं, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न खूप नंतर, होरेब डोंगरावर आला. याइरच्या मेलेल्या मुलीला उठवल्यावर येशूने काय सांगितलं? तिला खायला द्या.

भेटीत आजारपण, भूक, कर्ज, घरातली मारहाण, आत्महत्येचे विचार असं काही कानावर आलं तर वचनाची बैठक थांबवा आणि आधी योग्य माणसापर्यंत पोहोचवा: डॉक्टर, समुपदेशक, वकील, गरज पडली तर पोलीस. जिवाला धोका असेल तिथे 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊन बसू नका. 'प्रार्थना करू' म्हणून निघून जाणाऱ्यांबद्दल याकोब 2:15-16 पुरेसं कडक बोलतं.

सावधान: मदत आणि उपासनेची हजेरी यांची सांगड कधीही घालू नका. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक पुन्हा शोधत आले, तेव्हा तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता, असं येशूने योहान 6:26 मध्ये त्यांना तोंडावर सांगितलं. पण आधी विश्वास ठेवा आणि मग खा, असं तो म्हणाला नव्हता. सोपा उपाय असा की मदत देणारी माणसं आणि वचन वाचायला बसणारी माणसं वेगळी ठेवावीत. म्हणजे ज्याला वचनाची बैठक नको आहे त्याला दडपण न येता 'नको' म्हणता येतं.

टप्पा 5: पहिला घास कोणता, हे निवडणं

1 करिंथ 3 आणि इब्री 5 दोन्हीकडे दूध आणि जड अन्न हा भेद आहे. तरी नव्या माणसापुढे प्रकटीकरणातली श्वापदं, शेवटच्या काळाचे तक्ते, दशांशाचा (मिळकतीच्या दहाव्या भागाच्या दानाचा) हिशेब आणि 'आमच्या पंथाचंच बरोबर कसं' हे सगळं पहिल्याच महिन्यात येतं. का? कारण सांगणाऱ्याला त्यात रस असतो.

निवड भुकेप्रमाणे करा.

ज्याने कधी ऐकलेलंच नाही त्याच्यासाठी मार्कचं शुभवर्तमान उत्तम. सोळाच अध्याय, चारही शुभवर्तमानांत सर्वांत छोटं, आणि येशू काय म्हणाला यापेक्षा त्याने काय केलं हे आधी दिसतं. एका वेळी एकच प्रसंग घ्या.

शोकात असलेल्या माणसाला 'सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात' हे वचन पहिल्या भेटीत देऊ नका. वचन खरं आहे, वेळ चुकीची आहे. त्याच्यासाठी स्तोत्र 13 आहे: हे परमेश्वरा, कुठवर? किंवा योहान 11, जिथे लाजराला उठवायला निघालेला येशू आधी रडतो. खूपच अंधारात असेल तर स्तोत्र 88 वाचा. ते स्तोत्र अंधारातच संपतं, तरी शास्त्रात आहे. शेवट गोड केल्याशिवायही देवापुढे बोलता येतं, हे पाहून काही जणांना पहिल्यांदा प्रार्थना सुचते.

अपराधाच्या ओझ्याखाली दबलेल्यासाठी लूक 7:36-50 मधली, आसवांनी पाय भिजवणारी स्त्री. नंतर स्तोत्र 51. 'मला काय कमी आहे' असं म्हणणाऱ्या सुखवस्तू माणसासाठी जक्कय, लूक 19.

आणि मंडळीत दुखावला जाऊन बाहेर पडलेल्याचं काय? इथे हमखास उधळ्या पुत्राचा दाखला काढला जातो. तो काढू नका. धाकट्या मुलाने बापाची संपत्ती उडवली होती. या माणसाने काही उडवलेलं नाही, त्याला घरातल्याच कोणीतरी बाहेर ढकललं आहे. 'परत ये, बाप क्षमा करील' हे त्याच्या कानाला 'चूक तुझीच' असं ऐकू येतं. त्याच्याबरोबर यहेज्केल 34 वाचा. त्याच अध्यायाच्या 18 आणि 19 वचनांत स्वतः चांगला चारा खाऊन उरलेला पायांनी तुडवणाऱ्या मेंढरांनाही देवाने सुनावलं आहे. देव आपल्या बाजूने बोलतो आहे हे त्याला पहिल्यांदा तिथे दिसेल. त्यानंतर, ज्याच्याकडून दुखावलं गेलं त्या माणसाने किंवा मंडळीने मत्तय 5:23-24 प्रमाणे जाऊन समेट करायचा आहे. तोवर त्याला उपासनेला बोलावणं थांबवा.

टप्पा 6: वचन वाचायची बैठक

एक तासाहून मोठी नको. चार ते सहा माणसं, त्यात मंडळीतले दोनच. मंडळीतले जास्त झाले की नवा माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो.

तयारी: उतारा सोप्या भाषेतल्या आवृत्तीतून छापून किंवा लिहून प्रत्येकाच्या हातात द्या. नव्या माणसाला अमुक पुस्तक काढा म्हटलं की तो पानं चाळत बसतो, बाकीचे वाट बघतात आणि त्याला ओशाळल्यासारखं होतं. ज्याला वाचता येत नाही किंवा चारचौघांत वाचायला संकोच वाटतो त्याच्यावर पाळी येणार नाही, अशी व्यवस्था आधीच करा. मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचायचं. दुसऱ्यांदा वेगळ्या आवाजात.

मार्क 2:1-12 घेऊन बघू. घर गच्च भरलेलं, दारातही जागा नाही, चौघे जण एका पक्षाघाती माणसाला घेऊन येतात, छप्पर उघडतात आणि बाज खाली सोडतात. वाचून झाल्यावर चार प्रश्न, याच क्रमाने:

1. इथे काय काय घडलं? तुमच्या शब्दांत सांगा.
2. कुठे अडल्यासारखं किंवा खटकल्यासारखं वाटलं?
3. येशू कसा आहे, याबद्दल यातून काय दिसतं?
4. या प्रसंगात तुम्ही कुठे असता? बाजेवर, छपरावर, की दारात वाट अडवून?

पहिला प्रश्न गाळू नका. तो बाळबोध वाटतो, पण प्रसंग नीट पाहिल्याशिवाय लोक थेट बोधाकडे उडी मारतात आणि ऐकून पाठ झालेलंच सांगतात. दुसऱ्या प्रश्नावर कोणीतरी म्हणेल, 'तो चालायला आला होता, आणि हा म्हणतो तुझ्या पापांची क्षमा झाली. हे काय उत्तर झालं?' उत्तम! शास्त्रीही तिथेच अडले होते. उत्तर देण्याची घाई करू नका, बाकीच्यांना विचारा. कोणीतरी बोलेपर्यंतची शांतता अवघडल्यासारखी वाटते. ती सहन करायला शिकणं हाच बैठक चालवणाऱ्याचा निम्मा अभ्यास. पाचव्या वचनात येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं आहे, एकट्या आजाऱ्याचा नव्हे. हे त्यांना स्वतःला दिसलं तर ते विसरणार नाहीत. तुम्ही सांगितलंत तर दारातून बाहेर पडेपर्यंत लक्षात राहील.

मंडळीतल्या रोजच्या बोलीची इथे अडचण होते. 'प्रभूने माझ्यावर ओझं ठेवलं', 'अभिषेक उतरला', 'जगिक मनुष्य' असलं बोलणं बाहेरच्याच्या डोक्यावरून जातं. जोडीदाराने ऐकत राहावं आणि असा शब्द आला की साध्या वाक्यात पुन्हा सांगावं.

तपासा: शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. 'आज यातलं घरी काय घेऊन जाल?' असं विचारा. ते एक गोष्ट सांगतील. तेवढी पुरे, तुमच्याकडची भर घालू नका.

टप्पा 7: प्रश्न, शंका आणि नकार

कूश देशाचा एक अधिकारी यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचत होता. फिलिप्पाने विचारलं, वाचता ते समजतं का? आणि मग, प्रेषितांची कृत्ये 8:35 म्हणतं, त्याच उताऱ्यापासून सुरुवात करून त्याने येशूविषयी सांगितलं. जिथे माणूस उभा आहे तिथूनच. आपण ठरवलेला धडा बाजूला ठेवावा लागला तर ठेवावा.

ज्याचं उत्तर येत नाही ते वहीत टिपून घ्या, 'पुढच्या वेळी बघून सांगतो' म्हणा आणि पुढच्या वेळी खरंच सांगा. निष्पाप लेकरं का मरतात, यासारख्या प्रश्नाला पाच मिनिटांत उत्तर देणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवू नये. दुसऱ्याच्या धर्माची, देवतांची, घरातल्या माणसांची निंदा तर कुठल्याही प्रश्नाच्या उत्तरात बसत नाही. 1 पेत्र 3:15 मध्ये उत्तर देण्याची आज्ञा आहे आणि ते सौम्यतेने, आदराने द्या अशी अटही आहे.

काही जण सरळ नाही म्हणतील. योहान 6 च्या शेवटी बरेच शिष्य येशूला सोडून गेले. त्याने मागे धावून अटी कमी केल्या नाहीत, शापही दिला नाही; बारा जणांनाच विचारलं, तुमचीही जायची इच्छा आहे का? नकार आला की आभार माना, बैठक बंद करा, ओळख चालू ठेवा. भेटलात तर पूर्वीसारखंच बोला. बैठकीत यायचं थांबल्याबरोबर रस्त्यात ओळख न दाखवणारी मंडळी कशी असते, हे लोकांना चांगलंच माहीत असतं.

टप्पा 8: निर्णयाची वेळ

हा टप्पा तुम्ही आणायचा नाही, तो येतो. कूशी अधिकारी स्वतःच म्हणाला, हे पाहा पाणी, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? अम्माऊसला येशूने पुढे जायचा रोख दाखवला. थांबा, असा आग्रह त्या दोघांनी केला.

माणूस स्वतः विचारू लागला की पश्चात्ताप आणि विश्वास म्हणजे काय हे साध्या भाषेत सांगा, आणि त्याची किंमतही सांगा: घरातून विरोध होऊ शकतो, जुन्या सवयी लगेच सुटत नाहीत, सगळ्या अडचणी संपणार नाहीत. रोग बरा होईल, नोकरी लागेल, असली हमी देऊ नका. मग घरी जाऊन विचार करायला वेळ द्या. आठवड्याने तो पुन्हा आला तर त्याला विचारा: तू हे कोणाला खूश करायला करतो आहेस का? येशूने तुझ्यासाठी काय केलं ते तुझ्या शब्दांत सांगशील का?

बाप्तिस्म्याची तयारी आणि पद्धत पंथागणिक वेगळी असते. तिथून पुढे पाळकांकडे सोपवा, पण पहिल्या भेटीपासूनची जोडी त्याच्याबरोबर राहिली पाहिजे.

सावधान: त्याचा फोटो, नाव किंवा साक्ष त्याला न विचारता कुठेही टाकू नका. विचारलंत तरी पहिल्या वर्षात टाळलेलं बरं.

टप्पा 9: मंडळीत पहिलं पाऊल

त्या दिवशी त्याच्या शेजारी कोण बसणार हे आदल्या दिवशी ठरवा. उपासनेत काय काय होतं, कधी उभं राहायचं, दानाची थैली आली तर काही टाकायची सक्ती नाही, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीची भाकरी आणि द्राक्षरस) कोण घेतं आणि न घेता बसून राहिलं तरी चालतं, हे आधी सांगून ठेवा. पुढे बोलावून सगळ्यांसमोर उभं करू नका. उपासना संपल्यावर दाराशी एखाद्याने 'तुम्ही नवीन का?' विचारून मान फिरवली तर तुमची चार महिन्यांची मेहनत पाण्यात जाते, म्हणून मंडळीला आधीच कल्पना द्या. थोरल्या भावाची वृत्ती बहुतेक वेळा या दाराशीच दिसते.

टप्पा 10: स्वतःच्या हाताने जेवायला शिकवणं

वर्षानंतरही माणूस तुम्ही वाचून दाखवाल तेव्हाच वचन ऐकत असेल, तर काम अर्धवट आहे. इब्री 5:12 ची तक्रार हीच: एवढ्यात शिक्षक व्हायला हवे होतात, तर तुम्हालाच दूध लागतं आहे.

हळूहळू सोडवत न्या. पहिले काही आठवडे रोज एकत्र दहा मिनिटं, फोनवरही चालेल. मग एक दिवस त्याने एकट्याने वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलायचं. मग आठवड्यातून एकदा. तेच चार प्रश्न त्याला पाठ झालेले असतात, म्हणून नवं काही शिकवावं लागत नाही. प्रार्थनेतही तसंच, त्याच्या तोडक्यामोडक्या प्रार्थनेला 'आमेन' म्हणा, सुधारून देऊ नका. पुढे कधीतरी बैठकीचे प्रश्न त्याला विचारायला द्या आणि तुम्ही उत्तर देणाऱ्यांत बसा. शिकलेल्याने पुढच्याला शिकवायचं, ही 2 तीमथ्य 2:2 मधली साखळी अशीच पुढे सरकते.

दर तीन महिन्यांनी वही उघडा

सगळ्या जोड्या एकत्र बसून वही बघतात. किती आले, किती बाप्तिस्मे झाले हे आकडे आपोआप कळतात, त्यासाठी बैठक लागत नाही. विचारायचं ते हे: कोणाकडे ठरवूनही जाणं झालं नाही? कोणाला नुसतं बोलावलं, पण ऐकून घेतलं नाही? कोण आता आपणहून वाचतं? कोणत्या जोडीला दम लागला आहे? दमलेल्या जोडीला तीन महिने पूर्ण विश्रांती द्या आणि त्या काळात दुसऱ्या कोणीतरी त्यांच्याकडे भेटीला जावं.

ज्यांनी नको म्हटलं त्यांची नावं खोडू नका; वेगळ्या पानावर उतरवा. त्या पानावरच्या माणसांना बैठकीचं आमंत्रण जात नाही. आजारपणात, कोणी गेल्यावर, लेकराच्या जन्माला मात्र त्यांच्याकडे जायचं, आणि त्या भेटीत त्यांनी स्वतः विषय काढल्याशिवाय वचनाचा विषय काढायचा नाही. हे पान सांभाळायची जबाबदारी वडीलजनांपैकी एकाच्या नावावर लिहून ठेवा, नाहीतर ते कोणाचंच राहत नाही.